डॉक्टरला डॉक्टर कोण?

बुधवार, रात्री उशिरा

आज पेशंट म्हणून एक डॉक्टरच आले होते, माझ्यासारखेच जनरल प्रॅक्टिसवाले, पण बरेच सिनियर. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, फक्त एक प्रिस्क्रिप्शन लिहून दे, बाकी मी बघतो. निदान त्यांचं, औषध त्यांचं, डोसही त्यांचाच, माझी फक्त सही हवी होती. मी बीपीचा पट्टा काढला तर म्हणे कशाला उगाच, आणि मोजलं तर १७० / १००. शेवटचं कधी मोजलं होतं विचारलं तर नुसतेच हसले. त्यांच्याकडचा पेशंट असा हसला असता तर काही खरं नव्हतं त्याचं.

पण आमच्यात हे असंच चालतं. अंगावर दुखणं काढायचं, फारच झालं तर औषधांच्या सॅम्पलच्या ड्रॉवरमध्ये हात घालायचा, रिपोर्ट एखाद्या मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, तो दोन पेशंटच्या मधे बघून ओके म्हणतो आणि झालं! याला तपासणी म्हणायचं का? कुणी पोटाला हात लावलेला नाही, कुठे नोंद नाही, पुन्हा कधी दाखवायचं ते ठरलेलं नाही. आणि झोप लागत नाही, घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही, हे कुठे टाकणार, त्याचा काही रिपोर्ट येत नाही.

वेळ नाही हे कारण सगळेच देतात आणि ते खोटं नाहीये. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हिशोब मांडला होता की एका प्रायमरी केअर (म्हणजे फॅमिली डॉक्टरसारख्या) डॉक्टरकडे २५०० पेशंट धरले आणि गाइडलाइनमधलं सगळं खरोखर करायचं म्हटलं तर दिवसाला २६.७ तास लागतील. त्यातले १४.१ तास नुसते प्रिव्हेंशनचे, स्क्रीनिंग, लसी, समुपदेशन वगैरे, आणि ताप-खोकल्यासारखी अचानकची दुखणी बघायला २.२ तास. त्यातच तीनेक तास नोंदी आणि मेसेजेसचे. दिवस २४ तासांचा हे कुणीतरी गाइडलाइनवाल्यांना सांगा.

तरी मला वाटतं वेळ हे अर्धंच कारण आहे. टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसायची आम्हाला भीती वाटते. कळलं तर पेशंट काय म्हणतील, सहकारी काय म्हणतील, आणि डिप्रेशन वगैरे असेल तर लायसन्सला काही होईल का, हे पण डोक्यात असतंच.

डॉक्टरने स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष द्यावं हे वाक्य जिनिव्हाच्या शपथेत, म्हणजे डॉक्टरांनी घ्यायच्या शपथेत, कधी आलं, तर २०१७ ला. शपथ १९४८ ची! आणि तिथेही तब्येत कशासाठी जपायची, तर पेशंटला उत्तम उपचार देता यावेत म्हणून. डॉक्टर माणूस म्हणून नीट जगावा म्हणून नाही. बर्नआउटचंही, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याचंही तेच, आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत) तो आजार म्हणून नाही, कामातून येणारी गोष्ट म्हणून आहे, तरी उपाय म्हणून डॉक्टरला प्राणायामाच्या वर्कशॉपला बसवतात आणि ओपीडी तेवढीच ठेवतात.

उलट बाजूही आहे. डॉक्टर पेशंट समोर आला की आपणही ‘तुम्हाला तर माहितीच आहे’ म्हणून निम्मं सांगत नाही, दारूचं विचारायला संकोच वाटतो, झोपेचं विचारणं राहून जातं. बिचाऱ्याला इतर पेशंटपेक्षा कमीच मिळतं.

मला स्वतःला एक डॉक्टर ठरवायचाय आता. मित्र नको, कारण त्याच्यासमोर मी जोक मारत बसणार. ज्यांच्याकडे मी पेशंट पाठवतो तेही नकोत. फाइल करणारा, मला थांबवून उलट प्रश्न विचारणारा कुणीतरी हवा. एक नाव आहे डोक्यात, पण त्यांच्या ओपीडीची वेळ आणि माझी एकच आहे.