ऑग्सबर्गच्या वाटेवरची लँकेस्टर : सावलीचं काम झालं

चित्रातलं आकाश आणि फ्रान्समधल्या नॉर्मंडीची शेतं आधीच उरकली होती. या खेपेला सगळा वेळ खाल्ला तो जमिनीवरच्या सावलीने.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: १७ एप्रिल १९४२. ब्रिटिश हवाई दलाच्या ४४ आणि ९७ स्क्वाड्रनची (तुकड्यांची) मिळून बारा लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं भर दिवसा जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या एमएएन कारखान्यावर निघाली. पाणबुड्यांची डिझेल इंजिनं तिथे बनत. परतली पाच. मी रंगवतोय ते स्क्वाड्रन लीडर नेटलटनचं तिघांचं त्रिकूट, जर्मन लढाऊ विमानं अंगावर यायच्या जरा आधीचं.

रडारला चुकवायला ही मंडळी जेमतेम पन्नास फुटांवरून उडत होती. लँकेस्टरचे पंख टोकापासून टोकापर्यंत १०२ फूट! म्हणजे विमान जमिनीपासून स्वतःच्या एका पंखाएवढंच वर. हे चित्रात सांगणार कोण? सावलीच. ती विमानापासून दूर पडली की विमान आपोआप उंच गेलेलं दिसतं, मग खाली झाडं कितीही मोठी काढा.

प्रसंग संध्याकाळी पाचच्या सुमाराचा, म्हणून बरेच जण तिरपं सोनेरी ऊन टाकतात. पण ब्रिटिश घड्याळं तेव्हा ग्रिनिचच्या दोन तास पुढे होती. सूर्याच्या हिशेबाने तीनच वाजलेले. ऊन नैर्ऋत्येकडून, साधारण ३६ अंशांवरून. त्यामुळे सावली डावीकडे सत्तरेक फुटांवर, जवळजवळ पंखाच्या टोकाखालीच. कागदी विमान आणि टेबललँप घेऊन ताडून पाहिलं, जमलं.

सावलीत काळा अजिबात घातला नाही. शेताच्याच हिरव्यात अल्ट्रामरीन निळा आणि किंचित बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. कुंपणाच्या झुडपांवरून जाताना कड मोडली, तिथे कोरड्या ब्रशने दोन-तीन फटकारे, बस्स. आपण डाव्या मागच्या बाजूने, जरा वरून बघतोय, त्यामुळे विमानाची काळी कूस सावलीत जाते. तिच्यावर शेताचा हिरवट उजेड खालून चढवला; माझ्या मते आतापर्यंतचा सगळ्यात बरा भाग हाच.

आता विमानावरची ब्रिटिश हवाई दलाची गोल चिन्हं. मे १९४२ पासून पांढरी आणि पिवळी कडी बारीक झाली. इथे एप्रिल आहे, तेव्हा जुनी जाड पिवळी कडीच हवी. त्यानंतर केएम-बी ही नेटलटनच्या विमानाची ओळख-अक्षरं. फिरत्या प्रोपेलरच्या चकत्या सगळ्यात शेवटी, पातळ ग्लेझमध्ये, म्हणजे रंगाच्या पारदर्शक थरात.