दारात उभी राहिलेली हडळ

गेल्या मे महिन्यात एका दुपारी, आम्ही बनवत असलेल्या भुताच्या संगणक-खेळात एक बग, म्हणजे चूक, सापडला. तो दुरुस्त करायला एका चौकटीत फक्त खूण करावी लागते. ती खूण मी अजून केलेली नाही. आमच्या चौघांच्या गटात त्यावरून वाद चालू आहे आणि त्यात माझी बाजू मला स्वतःलाही धड मांडता येत नाही, म्हणून घडले तसे लिहून काढतो आहे.

खेळ नागपुरातल्या महाल या जुन्या भागातल्या एका झपाटलेल्या वाड्यात घडतो. भुताच्या हवेलीतला रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादे पात्र होऊन खेळायचा खेळ, ही कल्पना नवी नाही. कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘स्वीट होम’ 1989 मध्येच आला आणि त्यात मेलेले पात्र शेवटपर्यंत परत येत नसे. पुढे एकट्यादुकट्याने केलेले असे कितीतरी खेळ आले, पण त्यांतली घरे बहुधा लांबच लांब बोळांची असतात. वाड्याला मधोमध चौक असतो, आणि एका ओसरीवरून समोरच्या ओसरीवर कोण उभे आहे ते दिसते. आम्ही खेळ ज्यात बनवतो त्या आरपीजी मेकर एमव्ही या सॉफ्टवेअरचा पडदा 816 बाय 624 पिक्सेलचा आणि टाइल, म्हणजे नकाशाचा एक चौकोन, 48 पिक्सेलची, म्हणजे एका वेळी आडव्या 17 आणि उभ्या 13 टाइल दिसतात. तेवढ्यात चौक, चारही ओसऱ्या, तुळशीवृंदावन आणि विहिरीचा काठ बसवायला मला तीन आठवडे लागले. पलीकडच्या खांबाआड काहीतरी हलले, पण तिकडे जायचे तर अंधाऱ्या माजघरातूनच जावे लागेल, ही भीती त्या मांडणीतून येते. तिचा मला अभिमान आहे.

माजघराच्या मागे बाळंतिणीची खोली आहे. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, या लोकसमजुतीवर आम्ही ती खोली रचली. आमच्या चित्रकाराने हडळीचा चेहरा काळ्या मारबतीच्या पुतळ्यावरून काढला. जिची मिरवणूक नागपुरात 1881 पासून निघते आणि जिला ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत गावाबाहेर नेऊन जाळतात, तीच ही मारबत. चेहरा फार चांगला उतरला आहे, हे मी आजही म्हणतो.

खोलीतला प्रसंग असा आहे. खेळाडू दार उघडतो, हडळ बाजेवरून उठते आणि दाराच्या दिशेने तीन टाइल चालत येते. ती पोहोचली की एक स्विच चालू होतो, समई विझते आणि पाठलाग सुरू होतो. तिच्या चालण्याच्या आज्ञेत ‘पूर्ण होईपर्यंत थांबा’ ही खूण केलेली होती, पण ‘वाट नसेल तर पाऊल सोडा’ ही खूण करायची माझ्याकडून राहिली होती. याचा अर्थ, वाटेत कोणी उभे असेल तर ती जागच्या जागी थांबणार आणि पुढची एकही आज्ञा चालणार नाही. ही चूक या कामात नवशिक्याची समजली जाते. मी ती केली आणि आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आली नाही, कारण तोवर खेळून पाहिलेली सगळी मुले पंचविशीच्या आतली होती आणि दार उघडताच ती पळत सुटत. भुतासमोर नुसते उभे राहून पाहावे, असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

त्या दुपारी ठरलेला मुलगा आला नाही. आमच्या घरमालकांचे वडील, ज्यांना सगळी गल्ली आबाजी म्हणते, जिना चढून वर आले होते, कारण आम्ही कूलर बंद ठेवला होता आणि मे महिन्यात नागपुरात कोणी कूलर का बंद ठेवील हे त्यांना कळेना. खेळणाऱ्याचा आवाज टिपायचा असतो आणि कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, असे मी सांगितले. त्यांनी विचारले, “मी खेळलो तर चालंल का?” त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, आणि लहानपण महालातल्याच एका वाड्यात गेलेले.

प्लेटेस्टचा, म्हणजे दुसऱ्याकडून खेळ खेळवून पाहण्याचा, नियम असा की, खेळ बनवणाऱ्याने मागे बसावे, टिपणे घ्यावीत आणि तोंडातून अवाक्षर काढू नये. आबाजी बाण दाखवणाऱ्या चार कळा एका बोटाने, एकेक करून दाबत होते. दिंडीतून आत शिरताच ते आधी देवघरात गेले. विहीर चुकीच्या कोपऱ्यात आहे, असे म्हणाले. माजघराला रस्त्याकडची खिडकी कोणी ठेवली, असे त्यांनी विचारले. ती मीच ठेवली होती, उजेडाच्या सोयीसाठी. इतके महिने वाडे हिंडून मला जे दिसले नव्हते ते त्यांना पाच मिनिटांत दिसले, आणि हे मला लागले.

मग त्यांनी बाळंतिणीची खोली उघडली. हडळ उठली, दोन टाइल चालली आणि थांबली. आबाजींचे पात्र उंबऱ्यावर होते. त्यांनी कळेवरून बोट उचलले होते. छातीच्या ठोक्यांचा आवाज चालू राहिला. बाकी काहीच घडेना. खेळ अडकला हे मला लगेच कळले, आणि ‘बाजूला व्हा’ हे शब्द ओठांवर आले होते. नियम म्हणून मी गप्प बसलो. ध्वनिमुद्रणात ही शांतता जवळजवळ चार मिनिटांची आहे. मध्ये एकदाच त्यांचा आवाज येतो: “काहून उभी आहेस माय? बैस ना. थकली असशील.”

नंतर ते माझ्याकडे न वळता म्हणाले, “बाजेखाली शेगडी नाही.” बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत, तीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी देत, आणि त्या वासावरून घरातल्या पोरांना कळायचे की आत जायचे नाही. त्यांच्या काकू अशाच खोलीत गेल्या. तेव्हा ते सात वर्षांचे होते आणि दाराशी उभे होते. पुढे त्या खोलीत धान्याची पोती ठेवू लागले आणि काकूंचे नाव घरात कोणी घेईना. “तुमची ही बरी आहे,” ते म्हणाले, “थांबली तरी.” एवढे बोलून त्यांनी संगणक तसाच सोडला आणि हळूहळू जिना उतरून गेले.

माझ्या सहकाऱ्याने संध्याकाळी मुद्रण ऐकले आणि चौकटीत खूण करून टाक म्हणाला. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. जिथे खेळ पुढेच सरकत नाही अशी जागा ठेवून खेळ विकणे हा ग्राहकाचा विश्वासघात आहे. ज्या प्रकाशकाशी आमचे बोलणे चालू आहे त्याला तर त्या खोलीत आणखी मोठी किंकाळी हवी आहे, कारण थेट प्रक्षेपण करणारे खेळाडू तिथे ओरडतात आणि त्यावर खेळ खपतो. दचकवणे आणि घाबरवणे यांतला फरक या व्यवसायात फार थोड्यांना कळतो, असे माझे मत झाले आहे. पण मलाही तो त्या दुपारपर्यंत कळत होता असे म्हणणे खोटे ठरेल. मेलेल्या बाईला राक्षसीण करताना ती कोणाची तरी काकू असेल, हा विचार मी केलाच नव्हता.

सध्या मी हडळीच्या इव्हेंटला, म्हणजे तिच्या आज्ञांच्या यादीला, दुसरे पान जोडले आहे. खेळाडू उंबऱ्यावर 1200 फ्रेम, म्हणजे वीस सेकंद, न हलता उभा राहिला तर हडळ वळते, परत जाते आणि बाजेवर बसते. समई विझत नाही. त्यानंतर खेळाडूने काय करायचे, हे मला अजून सुचलेले नाही. माजघराची खिडकी बुजवली आहे, विहीर हलवली आहे. शेगडीची टाइलही काढून झाली आहे. ती बाजेच्या उशाकडे ठेवायची की पायथ्याकडे, हे आबाजींना विचारायचे आहे, पण त्या दिवसानंतर ते वर आलेले नाहीत.