फॉरमॅट मारल्यावर

कॉम्प्युटरने जरा नखरे केले की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो, फॉरमॅट मारून टाक, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाक. शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा तेच सांगणार, ऑफिसातला शहाणा तेच सांगणार, आणि रिपेअरवाला तर मशीन चालू करायच्या आधीच सांगणार. मला ह्या सल्ल्याचा भयंकर राग येतो, म्हणजे तो चुकीचा असतो असं नाही हं, बऱ्याचदा बरोबरच असतो, आणि एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, असेल तर विंडोज नव्याने टाकायला हल्ली अर्धा तास पुरतो. पण पुढचं काय? घराला रंग काढण्यासारखं आहे ते, रंगारी चार दिवसांत काम आटपून पैसे घेऊन जातो आणि पुढचे दोन महिने घरातली माणसं एकमेकांना विचारत बसतात, खवणी कुठेय गं, लाईटबिलांची फाईल कुठेय.

आमच्या खानदानात हे खातं माझ्याकडे आहे. कसं आलं माहीत नाही, बहुतेक कॉलेजात असताना कुणाचा तरी प्रिंटर चालू करून दिला असेन, तेव्हापासून सासर माहेर दोन्हीकडचे फोन मलाच. आणि फोनवरचं संभाषण ठरलेलं. "अगं, ते चालू होत नाहीये." काय करत होतात त्याआधी? "काही नाही केलं." काहीतरी मेसेज आला असेल ना स्क्रीनवर? "आला होता, इंग्लिशमध्ये होता, मी बंद केला." आता तो मेसेज म्हणजेच तर सगळं होतं! पण हे काकांना सांगायची सोय नाही, वय झालंय त्यांचं, शिवाय ते बँकेत होते.

खरं सांगायचं तर निम्म्या वेळा कारण इतकं फुटकळ असतं की ऐकणाऱ्याला खोटं वाटावं. पुण्याला बाबांचं जुनं असेंबल केलेलं डेस्कटॉप आहे, त्याचे अपडेट अचानक फेल व्हायला लागले. कुठलीही वेबसाईट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून पाटी. भावाचं म्हणणं व्हायरस आहे, फॉरमॅट मार. मी जाऊन बसले, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं तर तारीख जानेवारी 2017. मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, सीआर 2032, मेन स्विच बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम, तो संपला की मशीन पुन्हा आपल्या बालपणात जातं. आणि तारीखच चुकली तर वेबसाईट खरी असल्याची सर्टिफिकेटं चुकीची वाटतात, अपडेटचा सर्व्हर खरा आहे का हे पटत नाही, मग सगळंच अडतं. घड्याळवाल्याकडून सेल आणला, शंभराच्या आत काम झालं. बाबा मात्र नाराज, एवढ्या मोठ्या रोगाला एवढंसं औषध त्यांना पटत नाही. "नीट बघ गं परत," म्हणाले.

दुसरं फुटकळ कारण म्हणजे जागा. मोठं अपडेट फेल झालं की 0एक्स80070070 असा काहीतरी आकडा येतो, बघून वाटतं आता संपलंच, पण त्याचा अर्थ फक्त एवढाच की डिस्क भरलीय. कशाने भरली हे मराठी घरात विचारायला नको, नातवाच्या मुंजीचं शूटिंग आणि सुप्रभातचे व्हिडीओ, आणि तेही एकेक तीन तीन ठिकाणी कॉपी केलेले, कारण एकदा कुणीतरी बॅकअप घ्यायला सांगितलं होतं आणि तो त्याच डिस्कवर घेतला.

पण जागेचं दुखणं नेहमी इतकं सरळ नसतं. जानेवारी 2024 मध्ये विंडोज 10 ला एक सिक्युरिटी अपडेट आलं होतं, ते कित्येक जणांकडे बसेचना, कारण रिकव्हरीचं जे छोटं पार्टिशन असतं, म्हणजे दुरुस्तीच्या सामानासाठी डिस्कवर राखलेला वेगळा कप्पा, त्यात त्याला मोकळी जागा हवी होती 250 एमबी. आपल्याला ते पार्टिशन दिसत पण नाही. आणि मायक्रोसॉफ्टने उपाय काय दिला, तर कमांडची काळी खिडकी उघडा आणि हाताने टाईप करत पार्टिशन मोठं करा. म्हणजे ज्या माणसाला विंडो मिनिमाईज झाली की फाईल डिलीट झाली असं वाटतं, त्याला हे सांगायचं!

मग ते टक्के. निळ्या स्क्रीनवर गोल फिरतंय, अपडेट चालू आहे, 30 टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका. आणि ते 30 टक्के तासभर 30 च राहतात. ह्या वेळात आई स्वयंपाकघरातून हमखास विचारणार, "आज गुरुवार ना गं? लाईट जाणारे ना?" पुण्यातल्या लोकांना गुरुवारचं समजावून सांगायला नको. गेलीच लाईट तर बहुतेक वेळा विंडोज पुन्हा चालू होताना केलेले बदल मागे घेतं आणि जिथे होतं तिथे परत येतं, म्हणून मी आताशा घाबरत नाही. तासाभराने टक्के हलले नाहीत तरी आधी डिस्कचा लाल दिवा लुकलुकतोय का ते बघायचं. लुकलुकत असेल तर काम चालू आहे, गप बसायचं, चहा टाकायचा. बाबांना हे बसणं जमत नाही, ते दर पाच मिनिटांनी माऊस हलवून बघतात, त्याने काही होत नाही, पण त्यांना बरं वाटतं.

बाबांचं तत्त्वज्ञान वेगळंच आहे. चालतंय ना, मग हात लावू नको. आणि त्यांना मी पूर्ण चूक म्हणू शकत नाही, कारण ऑक्टोबर 2018 चं विंडोज 10 चं मोठं अपडेट आलं तेव्हा काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरातल्या फाईलीच उडाल्या होत्या, कंपनीला ते अपडेट काही दिवसांत थांबवावं लागलं. पण उलट बाजूने 2017 चा मे महिना आठवा, वॉनाक्राय आलं, फाईलींना कुलूप लावून खंडणी मागत होतं, आणि ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलेलं होतं. ज्यांनी हात लावला नाही त्यांना बसला फटका. मी हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, आपल्याकडे खंडणी मागण्यासारखं आहे काय.

आहे ना, मराठी आहे! फॉरमॅट मारल्यावर सगळ्यात आधी जातं ते मराठी. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, पंधरा वर्षांच्या नोटिसा, इतिवृत्तं, पार्किंगवरून झालेल्या भांडणांचे ठराव, सगळं त्या कॉम्प्युटरवर. त्यातलं जुनं सगळं श्रीलिपीत टाईप केलेलं. श्रीलिपी, कृतिदेव हे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला आकडा द्यायच्या पद्धतीच्या, आधीचे, म्हणजे फाईलीत खरी अक्षरं इंग्लिश आणि खुणाच असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. एकदा भावाने माझ्या पाठीमागे फॉरमॅट मारून घेतलं आणि वार्षिक सभेच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी गेल्या वर्षीचं इतिवृत्त उघडलं तर पानभर कंस, डॉलर, उद्गारचिन्हं. फाईल धडधाकट होती, एक अक्षर हललं नव्हतं, पण हे त्यांना त्या क्षणी कोण सांगणार. फोनवर फक्त एवढंच म्हणाले, "सगळं गेलं." फॉन्टची सीडी अर्थात मिळेना, शेवटी शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे मिळाली, आणि ह्या दोघांचं पाण्याच्या टँकरवरून बोलणं बंद होतं, ते त्या रात्री सुरू झालं.

युनिकोडवाल्यांनीही फार हसू नये. विंडोज एक्सपीच्या काळात देवनागरी नीट दिसायला रिजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात टिक करावी लागायची, आणि टिक केली की ते मूळ सीडी मागायचं, जी कुणाकडेच नसायची. एक्सपीनंतर आलेल्या व्हिस्टापासून ती कटकट संपली. पण आता नवीनच, विंडोज 10 कोरं टाकलं की मंगल फॉन्ट येतोच असं नाही, तो ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरीचे जादा फॉन्ट म्हणून वेगळा घ्यावा लागतो, किंवा भाषा म्हणून मराठी जोडली की मागोमाग येतो. नाही घेतला तर अक्षरं दिसतात, पण निर्मला फॉन्टमध्ये, आणि दोन्हींची मापं वेगळी. बाबांची एका पानात चपखल बसवलेली नोटीस दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडते, आणि त्या दोन ओळी म्हणजे 'आपला विश्वासू' आणि सही. बाबांच्या मते ही इन्स्टॉलेशनमधली गंभीर त्रुटी आहे. मला पण तसंच वाटतं.

भावाच्या लॅपटॉपचं मी थोडक्यात सांगते कारण तो स्वतःला एक्स्पर्ट समजतो. पेनड्राईव्ह लावून विंडोज टाकायला बसला आणि कुठल्या डिस्कवर टाकू ह्या स्क्रीनवर यादीच रिकामी. झालं, डिस्क गेली, नवी घ्यायला निघाला. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची डिस्क सांभाळणारी भानगड चालू असते, तिचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तिची ओळख करून देणारं सॉफ्टवेअर, पेनड्राईव्हवर टाकून तिथेच लोड करायला दिला की डिस्क हजर. हे झालं. मग महिन्याभराने बायॉस, म्हणजे मशीन चालू होताना विंडोजच्याही आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, अपडेट केल्यावर त्याच लॅपटॉपने बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या कुलपाची, 48 आकडी किल्ली मागितली, ती असते मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये, आणि अकाउंट त्याने वहिनीच्या एका जुन्या ईमेलने काढलेलं, ज्याचा पासवर्ड तिला लग्नाआधी माहीत होता. वहिनी त्या दिवशी जे बोलली ते इथे लिहीत नाही.

आणि मग आलं 14 ऑक्टोबर 2025. विंडोज 10 चा सपोर्ट बंद, पुढे नेहमीसारखे अपडेट नाहीत. तीन दिवसांनी वसुबारस! मी फराळाचे डबे घेऊन माहेरी पोचले तर चकली हातात द्यायच्या आधी बाबांनी स्क्रीनवरची पाटी दाखवली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0, म्हणजे मशीनमधली किल्ल्या जपायची तिजोरी, लागतं, सिक्युअर बूट, म्हणजे चालू होतानाच खरं-खोटं सॉफ्टवेअर तपासायची सोय, लागतं, आणि इंटेल असेल तर आठव्या पिढीचा प्रोसेसर. बाबांचा आहे सातवीतला. टीपीएम बायॉसमध्ये नुसतं बंद होतं, ते मी चालू केलं, पण पिढी कुठून आणणार? मशीन बाकी ठणठणीत, एसएसडी नवी, कालपर्यंत इतिवृत्त लिहीत होतं. ते यादीत नाही म्हणून भंगारात टाका, हे मला मान्य नाही. नेटवर यादी चुकवून विंडोज 11 बसवायच्या युक्त्या आहेत, मी दुसऱ्या कुणाला करून दिल्याही असत्या, पण सेक्रेटरींच्या मशीनवर नको.

वर्षभर जादा सिक्युरिटी अपडेट मिळायची सोय होती, सेटिंग्ज क्लाउडवर सिंक केल्या तर फुकट, फक्त मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने साईन इन व्हायला हवं. इथे अर्धा दिवस गेला. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझ्याच कॉम्प्युटरवर बसायला मी अमेरिकेला ईमेल का द्यायचा, हा बाबांचा मुद्दा, आणि प्रामाणिकपणे सांगते, मला उत्तर सुचलं नाही. शेवटी आईने सांगितलं की सही करून टाका नाहीतर फराळाला बसू नका. पासवर्ड मी एका कागदावर लिहिला, बाबांनी तो श्रीलिपीच्या सीडीच्या पाकिटात ठेवला आणि पाकिटावर पेनाने लिहिलं, मुदत 13 ऑक्टोबर 2026. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघून म्हणाले, पुढची दिवाळी नोव्हेंबरात आहे, तेव्हा तू जरा आधीच ये.