की वेस्टमधला बाजारभाव

नाताळच्या सुट्टीत बाबा रत्नागिरीहून आमच्याकडे अमेरिकेत आले होते. इथल्या थंडीने ते पुरते गारठून गेले, म्हणून आम्ही फ्लोरिडाच्या अगदी दक्षिण टोकाला असलेले की वेस्ट हे बेट गाठायचे ठरवले. मायामीहून निघालेला रस्ता चाळीसहून अधिक पूल ओलांडत बेटामागून बेट मागे टाकतो, आणि त्यातला एक पूल तर जवळजवळ सात मैल लांबीचा आहे. बेटाच्या कडेला ‘क्युबा ९० मैल’ अशी अक्षरे रंगवलेला एक बुटका, रंगीत बुरूज असून त्याच्याजवळ फोटो काढणाऱ्यांची रांग दिवसभर हलत नाही. आम्हीही उभे राहिलो. मायामी शहर इथून क्युबाची राजधानी हवाना हिच्यापेक्षा दूर आहे, ही गोष्ट तिथे पोहोचल्यावर खरी वाटू लागते.

या सहलीतला एक रात्रीचा जेवणाचा बेत मी महिनाभर आधीच आखून ठेवला होता. रेस्टॉरंट उंची होते, लाकडी वाड्याच्या व्हरांड्यात पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ घातलेले, आणि ‘क्युबन वळणाचे समुद्री जेवण’ ही त्यांची ओळख. महागड्या मेनूवर असे शब्द वाचले की मला शंका येते, कारण पुष्कळदा त्यांचा अर्थ माशाशेजारी आंब्याची एक फोड आणि पुदिन्याचे एक पान एवढाच असतो. की वेस्टमध्ये मात्र क्युबा पाहुणा म्हणून आलेला नाही. १८६८ मध्ये क्युबात स्पेनविरुद्धचे युद्ध पेटल्यावर हवानातले सिगार कारागीर कुटुंबकबिल्यासह इथे आले, त्यांच्या पाठोपाठ कारखानेही आले, आणि १८७१ मध्ये त्या निर्वासितांनी सान कार्लोस ही स्वतःची संस्था उभारली. क्युबन कवी आणि क्रांतिकारक होसे मार्ती यांनी क्युबाच्या स्वातंत्र्यासाठी याच संस्थेत भाषणे केली. ती इमारत पाहून आम्ही जेवायला गेलो, त्यामुळे मेनूवरचे स्पॅनिश शब्द नुसते सजावटीचे वाटले नाहीत.

सुरुवातीला शंखाच्या मांसाची भजी आली. हा शंख इथल्या लोकांच्या इतका जिव्हाळ्याचा की बेटावर जन्मलेला माणूस स्वतःला ‘काँक’, म्हणजे शंखच म्हणवतो, आणि शंख फुंकण्याची स्पर्धाही इथे भरते. फ्लोरिडाच्या पाण्यातून तो काढायला मात्र गेली कित्येक दशके बंदी आहे, त्यामुळे ताटातला शंख बाहेरून आलेला असतो. देवघरात ठेवायची वस्तू तळून खाताना मी क्षणभर अडखळले; बाबा अडखळले नाहीत. भजी बरी होती, जरा चिवट.

खरी मजा आली ती युका या कंदाबरोबर. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा कंद, पण इथे तो नुसता मऊ शिजवून त्यावर ‘मोहो’ ओततात. ठेचलेला भरपूर लसूण, आंबट संत्र्याचा रस, मीठ, थोडे जिरे, आणि वरून कडकडीत तापवलेले तेल. ही फोडणीच झाली, फक्त उलट्या क्रमाने. लसणाचा तिखटपणा तेलाने निवतो, आंबटपणा मात्र तसाच राहतो, आणि पिठूळ कंद ते सगळे शोषून घेतो. मेनूवरचा हा सर्वांत स्वस्त पदार्थ होता आणि तो आम्ही दोनदा मागवला. एकादशीची खिचडी आयुष्यभर खाल्लेल्या बाबांना हा त्याच घराण्यातला कंद आहे हे सांगितल्यावर, उपासाच्या पदार्थात एवढा लसूण पाहून त्यांनी मान हलवली आणि पुढचा तुकडा उचलला.

मग तळलेला अख्खा यलोटेल स्नॅपर आला. हा तांबोशीच्या नात्यातला मासा, शेपटीला पिवळा, अंगाला तिरक्या चिरा देऊन तळलेला. बाबांनी आधी त्याच्या डोळ्याकडे पाहिले, मग काट्याने कल्ल्यापाशी जरा उचकून पाहिले, आणि मासा आजचाच आहे असा निर्वाळा दिला. कडा कुरकुरीत, आतले मांस पाकळ्यांसारखे सुटे, आणि मसाला जवळजवळ नाहीच. क्युबन स्वयंपाक तिखट नसतो. त्यांचे वाटण म्हणजे कांदा, ढोबळी मिरची आणि लसूण तेलात परतून केलेले ‘सोफ्रितो’. मिरचीची वाट पाहणाऱ्या कोकणी जिभेला ते सुरुवातीला अळणी भासते, पण माशाची स्वतःची गोडी कळायला हीच रीत बरी, असे मला त्या रात्री वाटले. बाजूला दोनदा तळलेल्या कच्च्या केळ्याच्या चकत्या आणि काळ्या घेवड्याचा भात होता.

शेवंडीने, म्हणजे लॉब्स्टरने, मात्र निराशा केली. आपल्याकडच्या शेवंडीप्रमाणेच इथल्या शेवंडीलाही मोठ्या नांग्या नसतात आणि जवळजवळ सगळे मांस शेपटीत असते. ती टोमॅटो व ढोबळी मिरचीच्या रश्श्यात शिजवण्याची जुनी क्युबन पद्धत आहे. आमच्या ताटात ती शिजून रबरासारखी झाली होती, आणि वर कोणीतरी खाण्याजोगी फुले पेरली होती. ज्या स्वयंपाकघराला कंद एवढा सुरेख जमतो त्याला सर्वांत महागडा पदार्थ जमू नये, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

आता स्टोन क्रॅबविषयी, कारण त्याचाच भुर्दंड पडला. या खेकड्याच्या फक्त नांग्या काढतात आणि जिवंत खेकडा परत समुद्रात सोडतात. नांगी पुन्हा उगवू शकते. हंगाम १५ ऑक्टोबर ते १ मे, म्हणजे आम्ही बरोबर वेळेवर होतो. थंडगार नांग्या मोहरीच्या सॉसबरोबर आल्या आणि त्यांचे मांस खरोखर अप्रतिम होते. मेनूवर किमतीच्या जागी ‘बाजारभाव’ एवढेच छापले होते, आणि मी भिडेपोटी विचारले नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे बाबा शेजारी बसलेले असताना मी हे केले.

शेवटी की लाइम पाय आला. पूर्वी या बेटांवर ताजे दूध मिळणे कठीण होते, म्हणून आटवलेल्या गोड दुधाच्या डब्यावर हा गोड पदार्थ उभा राहिला. तो हिरवा नसतो, फिकट पिवळा असतो. वर ठेवलेली लिंबाची बारीक चकती बाबांनी उचलली, हुंगली आणि म्हणाले, “अगं, हे तर आपलं कागदी लिंबू!” ते बरोबर होते, जात तीच आहे. त्यानंतर बोटभर कपातली, साखर फेसून केलेली कॉफी आम्ही दोन घोटांत संपवली.

बिल मी उलटे धरून सही केली. हॉटेलवर परतताना रस्त्याच्या कडेला एक कोंबडा भलत्याच वेळी आरवत होता. इथे कोंबड्या मोकाट फिरतात. बाबांनी चालता चालता विचारले, “त्या नांग्या रुपयांत कितीला पडल्या?” मी आकडा निम्मा करून सांगितला, तरीही ते मधेच थांबले.