थेंब राहूनच गेले

काकाजी खुर्चीत टेकायच्या आधीच बोलले, "मॅडम, डाव्या डोयासमोर काजळी उडून राह्यली जी. पुसतो त जातच नाही."

वय ५२, नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याची आडत. अंबिया बहाराचा माल जोरात होता. पहाटेचा लिलाव आटोपून ते तसेच धंतोलीला आमच्या दवाखान्यात आले होते. शर्टाला सालीचा वास येत होता. उजव्या डोळ्यानं तक्ता शेवटपर्यंत वाचला. डाव्यानं माझी बोटंसुद्धा धड मोजता येईनात.

जुनी फाइल उघडली आणि माझंच अक्षर समोर आलं. वर्षापूर्वीची तारीख. दोन्ही डोळे ६/६. शुगर ९ वर्षांपासून. खाली लिहिलेलं: 'थेंब पुढच्या वेळी.'

सगळं आठवलं. "गाडीनं कळमन्याले जा लागते जी, थेंब घालान त दिसन कसं?" बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड डोळ्यात घुसतो, हे खरंच. बाहेर गर्दी होती. शेवटची ओळ घडाघड वाचणाऱ्या माणसाला मी आग्रह केला नाही. करायला हवा होता. डोळे तपासायचं काम मी रोज करते, मला माहीत होतं.

तक्त्यावरून कळते ती फक्त मधली नजर. डोळ्याच्या आतला पडदा नीट बघायचा तर थेंब घालावे लागतात. शुगरनं त्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, काही बंद पडतात. रक्त न मिळालेला पडदा नव्या वाहिन्या उगवून घेतो आणि त्या इतक्या नाजूक असतात की एक दिवस फुटतात. तोवर दुखत नाही, खुपत नाही, दिसतंही चांगलं.

डाव्या डोळ्यात रक्त इतकं पसरलं होतं की डॉक्टरांना पडदा दिसेचना. सोनोग्राफी केली. पडदा जागेवर होता. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग उजव्याचा फोटो काढला. डोळ्याच्या नसेच्या तोंडाशी केसासारख्या वाहिन्यांचं जाळं, बाजूला रक्ताचे ठिपके.

काकाजी स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले. "या डोयानं त मी सकाळी माल पारखला."

उजव्याला त्याच दुपारी लेझर सुरू केलं. लेझरनं गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखता येते, हे डॉक्टरांनी त्यांना दोनदा समजावलं. डाव्याला इंजेक्शन, रक्त विरलं नाही तर ऑपरेशन. रक्त खाली बसावं म्हणून रात्री डोकं उंच ठेवून झोपायचं.

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. निघताना हळूच म्हणाल्या, "यायच्या लहान भावालेही शुगर हाय. पर त्याले सगळं साफ दिसते."

मी लगेच दुसऱ्या दिवशीची वेळ लिहून दिली आणि सांगितलं, "गाडी चालवायला कोणाला तरी सोबत आणायला सांगा. थेंब घालणार आहे."