यादीतला गोल

सामानाच्या पिशव्या धुवायला टाकण्यापूर्वी उलट्या करून झटकण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. परवा दुपारी ते करताना एका जुन्या पिशवीच्या शिवणीत अडकलेला, चार घड्या घातलेला कागद निघाला. कागदावर एकही अक्षर नव्हते. पेन्सिलीने काढलेली बारा चित्रे मात्र होती: एक गाय, एक झाडू, एक साबण आणि त्यातून निघालेले तीन बुडबुडे, देठासकट टोमॅटो, आणखी असेच काही. बहुतेक चित्रांपुढे बरोबरची खूण होती, शेवटच्या तिघांपुढे नव्हती. ती चित्रे माझीच, हे लगेच ओळखता आले, कारण इतकी वाईट गाय आमच्या घरात दुसरे कोणी काढत नाही.

ही यादी थोरलीसाठी होती. ती तेव्हा साडेचार वर्षांची होती आणि तिला वाचता येत नव्हते. धाकटे दोघे जुळे, पावणेदोन वर्षांचे, आणि त्यांना वाचण्याखेरीज सगळे येत होते. आठवड्यातून एक दुपार मी या तिघांना घेऊन सामान आणायला जात असे, कारण ती दुपार पत्नीला झोपेसाठी द्यायची असे आमचे ठरले होते. कराराची अट एकच होती, की काहीही झाले तरी मी घरी फोन करायचा नाही. हात दोन आणि मुले तीन असल्यामुळे एकाला कामाला लावणे भागच होते. म्हणून थोरलीला यादी आणि पेन्सिल देऊन अधिकारी नेमले होते. दुधाची पिशवी ट्रॉलीत पडली की ती गाईपुढे खूण करी, आणि खूण होईपर्यंत ट्रॉली पुढे ढकलण्याची मला परवानगी नसे. कधी पेन्सिलीचे टोक मोडे, मग ते पुन्हा निघेपर्यंत चौघेही गाईपाशीच थांबत असू.

ज्यांना जुळी मुले नाहीत, त्यांना वाटते की एका मुलाच्या त्रासाला दोनाने गुणले की जुळ्यांचा त्रास निघतो. हे गणित घरात एक वेळ चालेल, दुकानात चालत नाही, कारण दुकानातल्या ट्रॉलीला लहान मुलासाठी बैठक असते ती एकच. जगात जन्मणाऱ्या दर ४२ बाळांपैकी एक जुळ्यांतले असते आणि वर्षाला सुमारे १६ लाख जुळ्या जोड्या जन्माला येतात, असा हिशोब संशोधकांनी मांडलेला आहे. एवढ्या जोड्यांच्या घरी साबण संपत नसावा, अशी ट्रॉली बनवणाऱ्यांची समजूत दिसते. दोन बैठकांच्या ट्रॉल्याही निघाल्या आहेत, नाही असे नाही, पण दुकानात त्या असल्याच तर एखाददुसरी असते आणि तिचे एक चाक हटकून आपल्याला हव्या त्या दिशेच्या विरुद्ध जाण्याच्या मताचे असते.

गंमत अशी, की मूळ ट्रॉलीत दोघांची सोय होती. १९३७ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी इथे सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने ती आणली. टोपली हातात जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते, हे त्याच्या लक्षात आले होते. घडीच्या खुर्चीवरून त्याला कल्पना सुचली आणि त्याने चाकांच्या सांगाड्यावर दोन टोपल्या बसवल्या, एक वर आणि एक खाली. लोकांनी मात्र तिच्याकडे पाठ फिरवली. तरुण पुरुषांना ती ढकलणे कमीपणाचे वाटे आणि बायकांचे म्हणणे असे, की बाबागाड्या ढकलून आयुष्य गेले, आता आणखी एक गाडी नको. शेवटी गोल्डमनने भाड्याने माणसे आणून त्यांना दुकानात ट्रॉल्या घेऊन फिरायला लावले, तेव्हा कुठे इतरांचा संकोच गेला. त्या बायकांचे म्हणणे कोणीतरी नीट ऐकून घ्यायला हवे होते, असे मला अनेकदा वाटले आहे.

तर बैठक एक आणि उमेदवार दोन. पहिल्या दोन ओळी एकाने बसायचे आणि पुढच्या दोन दुसऱ्याने, असा तोडगा आम्ही काढला होता. पावणेदोन वर्षांच्या माणसाला ओळी मोजता येत नाहीत, पण अन्याय अचूक कळतो. बसलेला उतरायला तयार नसे. त्याचे पाय त्या दोन भोकांतून बाहेर काढताना एक बूट हमखास आत राहून जाई, आणि तो बूट काढायला मी वाकलो की खाली उभा असलेला माझ्या पाठीवर चढत असे. उभ्याने मग कुठे जायचे, हा प्रश्न उरतोच. मी त्याला सामानाच्या टोपलीत बसवत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही. तसे करू नये, हे ट्रॉलीवरच चित्र काढून सांगितलेले असते. पुढे एकदा कुठेसे वाचले, की १९९० ते २०११ या काळात अमेरिकेत ट्रॉलीमुळे दुखापत होऊन वर्षाला सरासरी २४,००० हून अधिक मुलांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे लागले आणि त्यांतली सुमारे ७० टक्के ट्रॉलीतून पडलेली होती. ते वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि पत्नीला त्याबद्दल काहीही सांगितले नाही. आमचा टोपलीतला कधी पडला नाही. तो पावावर बसे, एवढेच.

पाव हा माझ्या स्वभावातला कच्चा दुवा आहे. ट्रॉलीत सामान कसे रचावे याबद्दल माझी मते ठाम आहेत. जड ते तळाला, द्रव ते उभे, मऊ ते सर्वांत वर, आणि साबण खाण्याच्या वस्तूंपासून जितका दूर जाईल तितका. लग्नानंतरचे आमचे पहिले भांडण या रचनेवरून झाले होते. दोन मुलांनी आणि एका अधिकाऱ्याने ही रचना दर आठवड्याला पाच मिनिटांत मोडून काढली आणि मी ते सहन करायला शिकलो. ज्या पावाला मुलाच्या बसण्याचा आकार आला आहे, त्याचे काप समान होत नाहीत आणि मग घरी कोणाला मोठा मिळाला यावरून पुन्हा जुंपते, इतकेच माझे म्हणणे आहे.

दुकानात गिऱ्हाइकाने आपल्या हाताने वस्तू घ्यायची, ही चाल १९१६ साली मेम्फिसमधल्या एका दुकानापासून रूढ होत गेली. क्लॅरेन्स सॉन्डर्स या गृहस्थाने ते काढले होते. त्याआधी गिऱ्हाइकाने काउंटरच्या अलीकडे उभे राहून यादी वाचायची आणि नोकराने पलीकडून एकेक वस्तू काढून द्यायची, अशी सर्वसाधारण पद्धत होती. सॉन्डर्सने काउंटरची भिंत काढली खरी, पण आपापले घ्या हे किती वयापासून, ते सांगून ठेवले नाही. खालच्या दोन फळ्या चालत्या मुलाच्या हाताच्या उंचीवर असतात आणि तिथल्या वस्तू आपल्यासाठीच मांडल्या आहेत, याबद्दल त्याला शंका नसते. त्यातून आमच्या घराण्याची एक खोड त्यांनी न शिकवता उचलली. मी फळीवरचे पुढचे पाकीट कधी घेत नाही, मागचे काढतो. माझी आईही तसेच करी. दुकानदार लवकर मुदत संपणारा माल पुढे लावतो हे खरे आहे, त्यामुळे दुधाच्या बाबतीत या खोडीला थोडा अर्थही आहे, पण आम्ही मिठाचे पाकीटसुद्धा मागचे घेतो. थोरली फळीत खांद्यापर्यंत हात घालून अगदी भिंतीलगतचे पाकीट ओढी आणि पुढची सगळी रांग सावकाश, एकामागून एक, खाली येई. जुळे टाळ्या वाजवत. मी ती पुन्हा लावून ठेवत असे, आणि लावताना जुना माल पुढे राहील याची काळजी घेत असे, म्हणजे निदान दुकानदाराचे काम तरी बिघडू नये.

आईबरोबर सामान आणायला जाण्याच्या ज्या आठवणी आहेत, त्यांत आईचा चेहरा फारसा नाही. पिशवी आहे. पिशवीला दोन बंद होते. दुकानातून निघताना आई एक बंद स्वतः धरी, दुसरा मला देई आणि ‘तुझ्याशिवाय मला उचलणार नाही’ असे सांगे. तिच्या आणि माझ्या उंचीत दोन हातांचे अंतर होते, त्यामुळे पिशवी माझ्या बाजूला कलंडे, तिचा कोपरा दर पावलाला माझ्या गुडघ्यावर आपटे आणि सगळे ओझे आपणच नेत आहोत असा माझा ठाम समज होई. दोन्ही बंद एका हातात घेतले असते तर आईला ते निम्म्या श्रमात नेता आले असते. तिला माझी मदत नको होती, माझा हात कुठे आहे ते कळायला हवे होते. हे माझ्या लक्षात यायला पस्तीस वर्षे आणि तीन मुले लागली. तोवर मी लहानपणी किती कष्ट उपसले हे पत्नीला बऱ्याच वेळा सांगून झाले होते.

दुकानात लोक बोलत. ‘जुळे का?’ हा प्रश्न दर फेरीत तीनचार वेळा येई आणि त्यापाठोपाठ ‘ओळखता कसे?’ हा. मी एकाच्या कानामागचा तीळ दाखवत असे. तीळ दुसऱ्याला होता, असे कधी कधी घरी गेल्यावर लक्षात येई. अनोळखी माणसे माझे कौतुक करत, एकट्याने तिघांना सांभाळता, धन्य आहे तुमची, असे म्हणत आणि पुढे होऊन माझी ट्रॉली वळवून देत. त्याच दुकानात, त्याच तीन मुलांना घेऊन पत्नी गेली की तिला सल्ले मिळत: टोपी घालायला हवी होती, या वेळेला आणू नये, याला भूक लागलेली दिसते. पावावर बसलेला मुलगा माझ्या ट्रॉलीत गोड दिसे आणि तिच्या ट्रॉलीत दुर्लक्षित. तिने हे मला सांगितले तेव्हा मी आधी हसलो होतो. ते हसणे अजून माझ्या खात्यावर आहे.

काउंटरपाशी काय होते ते सांगायची गरज नाही. रांग हलत नाही आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर गोळ्या, चॉकलेटे आणि च्युइंग गम रचून ठेवलेले असते. बारकोड वाचणाऱ्या यंत्रावरून दुकानात विकली गेलेली पहिली वस्तू च्युइंग गमचे पाकीट होती, २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. इतिहासात नोंद आहे ती अशी. माझ्या मते कोणाचे तरी मूल तिथे पोचलेले असणार. आमच्याकडे एकाने लोळण घेतली की दुसरा ती कशी घेतली आहे ते नीट पाहून शेजारी तशीच घेई, आणि थोरली यादी उघडून दाखवी की यात गोळीचे चित्र नाही.

एकदा मात्र काउंटरपाशी पोचेपर्यंत दोनच मुले उरली होती. एक बैठकीत, एक यादी घेऊन उभी. मला ते कळायला किती वेळ गेला कोण जाणे. मी हाका मारल्या. जुळ्यांची नावे आम्ही नेहमी एका दमात, जोडून घेत असू, तशीच ती तोंडातून निघाली आणि बैठकीतल्याने शांतपणे ‘ओ’ दिली. मी पुन्हा ओरडलो, त्याने पुन्हा ओ दिली. भाऊ कुठे आहे असे विचारल्यावर त्याने बोट केले. त्या बाजूला मोठ्या शीतकपाटाचा काचेचा दरवाजा होता आणि त्यात, थंड बाटल्यांच्या पुढे, तो उभा होता. म्हणजे मला क्षणभर तसे वाटले आणि मी दोन पावले धावलोही. ते बैठकीत बसलेल्याचेच प्रतिबिंब होते. त्याला त्यात भाऊ दिसला होता आणि मलाही दिसला होता, मी त्यांचा बाप असून.

खरा भाऊ तीन ओळी मागे, खालच्या फळीवरची पाकिटे बाहेर काढून रिकाम्या झालेल्या जागेत बसलेला सापडला. रडत नव्हता. त्याला उचलून मी तसाच काउंटरकडे गेलो, पैसे दिले आणि निघालो. घरी जाताना त्याला कडेवर घेतले होते, दुसऱ्या हातात बाबागाडीचा दांडा होता आणि पिशवी दांड्याला अडकवली होती. थोरलीला मी पिशवीचा एक बंद धरायला लावले होते. तिने का म्हणून विचारले नाही.

ही यादी त्याच दिवसाची असेल असे मला वाटते, कारण शेवटच्या तीन खुणा राहून गेल्या आहेत आणि थोरली खूण विसरणाऱ्यांतली नव्हती. त्या तिघांतला साबण ओळखू येतो. दात घासण्याचा ब्रशही येतो. तिसरे चित्र म्हणजे नुसता एक गोल आहे. परवा मी तो सगळ्यांना दाखवला. पत्नी म्हणाली, कांदा. जुळ्यांपैकी एक चेंडू म्हणाला, दुसऱ्याने बटाटा असे सांगितले आणि त्यावरून त्यांची थोडी झटापट झाली. थोरली आता पुस्तकातून डोके वर काढत नाही. ती म्हणाली की चित्रे तुम्ही काढली होती, मला काय विचारता. टोमॅटो तो नक्की नाही, टोमॅटोला मी देठ काढतो.