कार्ड ठणठणीत, प्रोसेसर दमलेला

ऐन पावसात देवगडकडचे एक काका आणि त्यांचा मुलगा कॉम्प्युटरचं कॅबिनेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एसटीने माझ्या कुडाळच्या दुकानात आले. पोराने आंब्याच्या सीझनला पेट्या भरून पैसे साठवले, जुनं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड काढून नवं, भारी आरटीएक्स ४०६० घातलं, आणि गेम तसाच अडकतोय. काका म्हणाले, "दादानू, ह्यां कार्ड खराब आसा काय? परत करूया?" पोरगा तर अगदी रडकुंडीला आलेला.

उघडून बघितलं तर बी४५० मदरबोर्ड, रायझन ३ ३२००जी प्रोसेसर आणि ८ जीबीची एकच रॅम. म्हणजे प्रोसेसरला ४ कोर, ४ थ्रेड, एकावेळी चारच कामं. गेम लावला, आफ्टरबर्नर (कोण किती काम करतंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून आकडे स्क्रीनवर आणले, तर चारही कोर १००% आणि कार्ड मात्र निम्म्यावर आरामात बसलेलं. मग मी रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, १०८०पी वरून ७२०पी केलं, म्हणजे कार्डाचं काम कमी. कार्ड कमी पडत असतं तर एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) लगेच वाढला असता, पण आकडा जागचा हलला नाही. काकांनाही ते दिसलं. गेममधली गाडी, माणसं, त्यांच्या हालचाली हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो, तो झाल्याशिवाय कार्डाला पुढची फ्रेम काढायला मिळतच नाही, मग कार्ड कितीही भारी असू दे.

बोर्डाचा सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) एएम४ आहे म्हणून सगळं बदलायची गरज नव्हती. रायझन ५ ५६००, ६ कोर १२ थ्रेड, त्याच सॉकेटमध्ये बसतो आणि खर्च कार्डाच्या निम्म्याहून कमी. फक्त आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायला लागतो, तोही जुना प्रोसेसर बसलेला असतानाच, आणि मधेच लाईट गेली तर बोर्डच जायचा. आमच्याकडे पावसात लाईटचा काही भरवसा नाही, म्हणून यूपीएस पूर्ण चार्ज होईपर्यंत दोघांना चहा पाजत थांबवून ठेवलं, घाई केली नाही.

मग दुसरी ८ जीबी टाकून रॅम ड्युअल चॅनलला (दोन रॅम जोडीने) आणली, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू केलं आणि तोच गेम लावला. आता कार्ड ९५% च्या वर कामाला आणि अडकणं बंद. पोरगा खुर्चीतून उठेचना, मलाही फार बरं वाटलं खरं सांगतो.

एक पार्ट दुसऱ्याला असा अडवतो त्याला बॉटलनेक म्हणतात. ऑनलाईन कॅल्क्युलेटर "इतके टक्के बॉटलनेक" असं सांगतात त्यावर पैसे खर्च करू नका प्लीज. तोच प्रोसेसर, तेच कार्ड, पण १४४०पी मॉनिटर लावला की कार्डाचंच काम वाढतं आणि प्रोसेसरची कमी तेवढी जाणवत नाही, गेम बदलला की परत वेगळं. आपण कुठला गेम खेळतो आणि मॉनिटर कुठला आहे ते आधी बघा, कार्डाचं नाव नंतर. उलट केसही येतात, महागडा आय९ प्रोसेसर आणि शेजारी १६५० कार्ड, तिथे प्रोसेसर नुसता बसून.

जुना ३२००जी मी काकांना विकू दिला नाही. त्याच्यात ग्राफिक्स आतच आहे, ५६०० मध्ये ते नाही, म्हणजे उद्या कार्ड बंद पडलं तर डिस्प्लेच येणार नाही. म्हटलं, डब्यात घालून ठेवा, नायतर साधा बोर्ड घेऊन आंब्याच्या बिलिंगला लावा. काका म्हणाले, "बिलिंगाकच लावूया."